उतारवयातला राखीव निधी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'वृद्धापकाळी बुद्धी आणि मन कसे सांभाळावे'. मी डॉक्टर नाही. उभी हयात बँकेच्या काउंटरवर आणि लेजरात गेली. पण आता मी स्वतः सत्तरी ओलांडली आहे, आणि आमच्या घरात आक्काच्या आजारपणाची सहा वर्षं गेली, ती तुम्ही सर्वांनी पाहिली आहेत. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

आपल्या इमारतींना यंदा पंचवीस वर्षं झाली. उपविधीप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. आपण ते केलं. गच्चीची गळती निघाली, दोन पिलरना तडे निघाले, समुद्राच्या खाऱ्या हवेने सळ्या गंजलेल्या निघाल्या. कोणी असं म्हटलं नाही, की इमारतीचं वय झालं, चालायचंच. दुरुस्ती निधीतून पैसे काढले आणि कामाला लागलो. मग माणसाच्या डोक्याच्या बाबतीत आपण 'वय झालं, चालायचंच' एवढ्यावर का थांबतो?

थोडा हिशेब करू, ती माझी जुनी सवय. आपल्या देशात साठीच्या वरच्या लोकांची मोठी पाहणी झाली. त्यावरून २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठीपुढच्या दर शंभर जणांत सातपेक्षा थोड्या जास्त, म्हणजे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. देशभरात ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. आपल्या सभासद यादीप्रमाणे संस्थेत साठीच्या वरचे आपण ४१ जण आहोत. देशाची सरासरी लावली तर तीन. ते तीन कोण, हे कृपा करून आजूबाजूला बघून शोधू नका. सरासरी म्हणजे नावं नव्हेत. पण या जिन्यांवर, या दारांआड हा आजार येऊ शकतो, हे मान्य करून पुढे जाऊ.

आधी भीती कमी करतो. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, समोरच्याचं नाव जिभेवर येऊन अडकतं आणि संध्याकाळी भाजी चिरताना आठवतं, हे वयाचं आहे. ते मलाही होतं. पण रोजच्या वाटेवर वाट चुकणं, पन्नास वर्षं केलेल्या आमटीत काय घालायचं ते न सुचणं, एकच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणं, पैशाचा व्यवहार गडबडणं, शांत माणूस एकाएकी संशयी किंवा चिडका होणं, ही लक्षणं वेगळी. किल्ली हरवली तर काळजी नको. किल्ली हातात असून तिचं काय करायचं हे कळेना, तर डॉक्टरकडे जावं.

बँकेत नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला द्यायला यायचे. वर्षातून एकदा तेच चेहरे. काहींची सही दर वर्षी थोडी थोडी बदलत जायची, कोणी स्लिपवर तारीख लिहिताना थांबायचं, कोणी नोटा तीन-तीनदा मोजायचं. सोबत आलेला मुलगा म्हणायचा, "बाबांचं आता लक्ष नसतं." पैशाच्या व्यवहारात आजार पुष्कळदा लवकर दिसतो, कारण हिशेबाला मेंदूचे अनेक कप्पे एकाच वेळी लागतात.

आक्काचं असंच झालं. ती निवृत्त प्राथमिक शिक्षिका. यजमान गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. आपल्या बायकांच्या भिशीचा हिशेब तिच्याकडे होता, आणि त्यात कधी रुपयाचा फरक पडला नव्हता. एका महिन्यात दोघींची रक्कम एकीच्याच नावावर लागली. पुढच्या महिन्यात कोणी वही मागितली तर ती ओरडली. ओरडणं तिच्या स्वभावात नव्हतं. आमच्या सौ.ने ते हेरलं आणि आम्ही तिला दाखवायला नेलं. एका ठिकाणी "वय झालं" हेच ऐकून परत आलो. दुसरीकडे, मुंबईला, रक्ताच्या तपासण्या झाल्या, मेंदूचा एम.आर.आय. झाला, आणि डॉक्टरांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. जिने शेकडो मुलांना घड्याळ शिकवलं, तिने बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. निदान अल्झायमर. जर्मनीच्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली या आजाराचं वर्णन प्रथम मांडलं, म्हणून हे नाव. औषधांनी काही काळ थोडा आधार मिळतो, आजार बरा होत नाही.

तुम्ही म्हणाल, बरा होत नाही तर लवकर कळून उपयोग काय? उपयोग दोन प्रकारचा. पहिला असा, की विसरण्याचं प्रत्येक कारण अल्झायमर नसतं. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, विशेषतः शाकाहारी मंडळींत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, तरी विसर पडतो. थायरॉइड मंद झालं, रक्तातलं सोडियम घसरलं, मन खोल उदास झालं, झोपेच्या किंवा सर्दी-खाजेच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू राहिल्या, तरी डोकं चालेनासं होतं. यांतल्या पुष्कळ गोष्टींवर इलाज आहे. आणि एक खास लक्षात ठेवा. माणूस दोन-चार दिवसांतच भ्रमल्यासारखा बोलायला लागला तर ते म्हातारपण नव्हे. लघवीचा जंतुसंसर्ग असेल, सोडियम असेल, किंवा पंधरा-वीस दिवसांपूर्वी बाथरूममध्ये पडून डोक्याला लागलं असेल आणि आत हळूहळू रक्त साचत असेल. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दुसरा उपयोग घरच्यांना. आजाराचं नाव कळलं की माणसावरचा राग जातो. आक्का यजमानांची वाट बघायची. "ते जाऊन नऊ वर्षं झाली" असं सांगितलं तर तिला ती बातमी नव्याने कळायची आणि ती नव्याने रडायची. डॉक्टरांनी सांगितलं, वाद घालू नका. मग आम्ही म्हणायला लागलो, "आक्का, आधी चहा घे, मग बघू." चहा झाला की तो प्रश्न मागे पडायचा.

इथे मला संस्थेचे जाहीर आभार मानायचे आहेत. आपल्या वॉचमनने तिला दोनदा समुद्राच्या रस्त्यावरून, सुरूच्या झाडांजवळून, हात धरून परत आणलं. तळमजल्यावरच्या बायका तिच्यापुढे मटार सोलायला ठेवायच्या, आणि दाणे नीट निघाले नाहीत तरी "आक्का, तुमच्यामुळे काम झालं" म्हणायच्या. समोरच्या घरातली मुलगी तिच्याकडे पाढे शिकायला बसायची. माझं नाव विसरल्यानंतरही आक्काला पावकी, निमकी, दिडकी खडाखडा येत होती. लहानपणी घट्ट बसलेलं शेवटपर्यंत टिकतं, ते असं. त्या मुलीला पाढे आले, आणि आक्काला रोज एक तास पुन्हा बाई होता आलं.

आता निधीकडे येतो. संस्था सिंकिंग फंड का ठेवते? मोठा खर्च कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून दर महिन्याला थोडं बाजूला टाकायचं. मेंदूचेही शास्त्रज्ञ अशा राखीव शिलकीची कल्पना मांडतात. शिक्षण, कामातला विचार, नवीन शिकणं, माणसांशी बोलणं यांतून मेंदूत जास्तीच्या वाटा तयार होतात. एक वाट बंद पडली तर दुसरीने काम होतं. मेंदूत आजाराच्या खुणा असूनही हयातीत ज्यांचं वागणं-बोलणं शाबूत होतं, अशी माणसं मृत्यूनंतरच्या तपासणीत आढळली आहेत. त्यांची शिल्लक मोठी होती, असं त्याचं स्पष्टीकरण देतात.

आणि गळती कुठून होते? २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने १४ कारणं सांगितली: कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, डोळ्यांनी कमी दिसणं, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, बैठेपणा, धूम्रपान, अति मद्यपान, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा आणि हवेचं प्रदूषण. ही सारी कारणं दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा पुढे ढकलले जातील, असा त्यांचा अंदाज आहे. अमुक एक माणूस वाचेल अशी ही हमी नाही. आक्का रोज चालत होती, वाचत होती, तरी तिला आजार झाला. म्हणून ज्याला आजार झाला त्याने काही केलं नसेल, असं कधीही म्हणू नका.

या यादीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो कान. चष्मा लावायला कोणी लाजत नाही. कानाचं यंत्र मात्र कपाटात पडून राहतं. ऐकू आलं नाही की माणूस आधी "काय?" विचारतो, मग विचारणं सोडतो, मग माणसांत जाणंच सोडतो. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली आले. सगळ्यांचा एकत्र विचार करता यंत्राने मोठा फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून जास्त धोका होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. माझ्याही कानात यंत्र आहे, लपवलेलं नाही. त्याचा एक फायदा असा, की वार्षिक सभेत वाद वाढला की बंद करता येतं.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे, करायचं तेवढं राहिलं आहे. रक्तदाबाची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडू नये. आठवड्यात १५० मिनिटं भरभर चालावं. आपल्याला तर चिखल्याचा किनारा दाराशी आहे, ओहोटीच्या वेळी घट्ट वाळूवर चालण्यासारखं सुख नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव करावा, म्हणजे पाय बळकट राहतात आणि पडणं टळतं. शब्दकोडं जरूर सोडवा. पण शब्दकोड्याने मुख्यतः शब्दकोडं सुटायला लागतं. मेंदूला नवं आणि थोडं अवघड काहीतरी लागतं, आणि ते कोणासाठी तरी केलेलं असलं तर माणूस ते सोडत नाही.

याची उदाहरणं आपल्याच तालुक्यात आहेत. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठलेली होती. १९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर नेलं, तेव्हा त्या पासष्टीच्या होत्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना इथली आहे. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालविधवा. नोकरी करत रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या, आणि पन्नाशी ओलांडल्यावर बी.ए. आणि १९८२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, प्रा. रमेश पानसे यांच्यासोबत त्यांनी 'ग्राममंगल' ही नवी संस्था उभी केली. बहात्तराव्या वर्षी आपल्यातले बरेच जण नवा मोबाइल घ्यायलाही तयार नसतात! गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते, आणि वारली चित्रं काढतच होते. आपण काही अनुताई होणार नाही. पण उद्या सकाळी आपली कोणीतरी वाट बघतं आहे, ही गोष्ट आपल्यालाही साधता येते.

आता मनाविषयी. मुलं परदेशी किंवा मुंबईला, जोडीदार गेलेला, संध्याकाळी दिवा लावायला एकच माणूस. दुःख होणारच. ते आजार नव्हे. पण आठवडेच्या आठवडे भूक नाही, झोप नाही, कशात रस नाही, 'आता कशाला जगायचं' असं मनात येतं, तर तो नैराश्याचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारचा 'टेली-मानस' हा मोफत क्रमांक आहे १४४१६, आणि ज्येष्ठांसाठी 'एल्डरलाइन' १४५६७. दोन्ही फ्रिजवर चिकटवून ठेवा.

मन घट्ट राहतं ते कशाने, हे आपण पाहिलं आहे. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि महिनोन्‌महिने येत राहिले. त्या थंडीत तिकडची माणसं घराबाहेर, तंबूत झोपली. इकडे आपणही खाली उतरून बसायचो. जमीन हलायची थांबली नव्हती, पण शेजारी शेजारी बसल्यावर, कोणी थर्मास आणल्यावर, भीती वाटून घेतल्यासारखी कमी व्हायची. एकट्याने दार लावून बसलेल्याला प्रत्येक धक्का दुप्पट वाटतो.

बँकवाला आहे, म्हणून कागदपत्रांचं सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही. पुष्कळांचा समज असतो, की मुलाच्या नावे मुखत्यारपत्र केलं की म्हातारपणाची सोय झाली. तसं नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच ते उपयोगाचं राहत नाही, आणि पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. म्हणून डोकं ठिकाणावर असतानाच खाती संयुक्त करा, 'दोघांपैकी कोणीही' अशी सूचना द्या, प्रत्येक ठेवीला आणि आपल्या सदनिकेच्या शेअर सर्टिफिकेटला नामनिर्देशन करा, मृत्युपत्र करा. वकिलाला एकदा विचारून घ्या. आणि व्हिडिओ कॉलवर कोणी पोलीस किंवा सी.बी.आय. बनून 'तुम्हाला डिजिटल अटक केली आहे' म्हणाला तर फोन ठेवून द्या. कायद्यात असली अटक नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. आणि फसलात तर घरी सांगा, लाजू नका. त्या मंडळींचा धंदा आपल्या लाजेवरच चालतो.

आता माझ्या तीन सूचना. अध्यक्ष महोदय, त्या सभेच्या इतिवृत्तात घ्याव्यात, ही विनंती.

पहिली, संस्थेच्या कार्यालयाशेजारची खोली भाड्याने गोदामाला द्यावी असा एक प्रस्ताव आहे. ती देऊ नये. दुपारी चार ते सहा ती उघडी राहावी. एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचावं, कॅरम असावा, मुलांनी पाढे आणि गणितं घेऊन यावं. भाड्याचं नुकसान किती, ते मी मांडून पाहिलं आहे. दर सदनिकेमागे महिन्याला दोन चहांइतकं येतं.

दुसरी, रौप्यमहोत्सवाच्या शिल्लक रकमेतून वर्षातून एक दिवस कान, डोळे, रक्तदाब, साखर यांची तपासणी आपल्या आवारातच व्हावी. वर न येऊ शकणाऱ्यांच्या घरी जाऊन व्हावी.

तिसरी, वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही असावी. त्यात एकट्या राहणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाच्या नातेवाइकाचा फोन, चालू औषधं आणि डॉक्टरांचं नाव. सकाळी दहापर्यंत ज्यांची दुधाची पिशवी दाराबाहेर दिसेल, त्यांची बेल वाजवायची. यात चौकशी नाही, शेजारधर्म आहे.

घरातल्या तरुणांनाही एक विनंती. आई-वडिलांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली तर "हे तुम्ही सांगितलंय" असं तोडून बोलू नका. एखाद्या दिवशी ती गोष्ट आठवणारे तुम्हीच उरणार आहात. पण गोष्ट फारच वरचेवर येऊ लागली तर प्रेमाने डॉक्टरकडे न्या, आणि शेजाऱ्यांपासून लपवू नका. आम्ही लपवलं नाही, म्हणूनच आक्का समुद्रावरून दोनदा सुखरूप घरी आली.

सहकारी संस्थेत आपण पाणी एकत्र भरतो, लिफ्टचा खर्च वाटून घेतो. एकमेकांची आठवणही तशीच वाटून सांभाळता येईल. 'विना सहकार नहीं उद्धार' हे सहकार खात्याचं वाक्य आपण पंचवीस वर्षं अहवालाच्या पानांवर छापतो आहोत. उद्यापासून दुपारी चार वाजता ती खोली उघडू. पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्र वाचायची पाळी माझी. ज्यांना ऐकू येणार नाही, त्यांनी पुढे बसावं.

सर्वांना निरोगी आणि जागतं म्हातारपण लाभो.